घडीच्या चाकूंबद्दल तुम्ही विचारलंत

गणपतीच्या अंकात माझ्याकडच्या घडीच्या चाकूंवर लेख आला होता. दापोलीजवळ आमची आंबा-काजूच्या कलमांची रोपवाटिका आहे. वडील कलमं बांधायचे आणि त्यांच्या खिशात कायम एक चाकू असायचा. त्या एका चाकूवरून माझा संग्रह ६३ चाकूंपर्यंत कसा आला, ते त्यात लिहिलं होतं. तेव्हापासून पत्रं येताहेत आणि सगळ्यांना उत्तर देणं जमलेलं नाही. ज्या पत्रांत चाकू कायमचा बिघडण्याचा धोका दिसला, ती आधी घेतली आहेत.

आजोबांच्या ट्रंकेत दोन पात्यांचा चाकू सापडला. मूठ काळ्या शिंगाची. मोठ्या पात्याच्या बुडाशी एक तारा आणि एक क्रूस आहे. भिंगातून ‘रॉजर्स’ आणि ‘कटलर्स टू हिज मॅजेस्टी’ अशी अक्षरं दिसतात. पातं काळपट पडलंय, मध्ये थोडा लाल गंज आहे. बफिंग करून चकचकीत करून घ्यावा म्हणतो. ताई, किती जुना असेल आणि किंमत किती येईल?
— एक वाचक, मिरज

बफिंग करू नका. तुमचा फोन नंबर पत्रात असता, तर हे छापून येईपर्यंत मी थांबले नसते.

हीच चूक मी १९९४ साली केली. वडील गेल्यावर त्यांचा कलमाचा चाकू नीट करून ठेवावा म्हणून चिपळूणला एका बफिंगवाल्याकडे दिला. दहा मिनिटांत त्याने तो आरशासारखा करून हातात ठेवला. मी खूश होऊन घरी आले, भिंग लावलं, तर पात्याच्या बुडाचा छाप गेलेला. वडील त्याला नुसतं ‘जर्मन चाकू’ म्हणायचे. कुठल्या गावचा, कुठल्या कारखान्याचा, हे त्या चार-पाच अक्षरांतच होतं आणि ती मी कधी उतरवून घेतली नव्हती. मूठ फुटली तर नवी बसवता येते, खिळा सैल झाला तर ठोकता येतो. छाप मात्र परत आणता येत नाही.

आता तुमचा चाकू. तारा आणि माल्टीज क्रूस ही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्याची खूण. वय सांगणारा शब्द आहे ‘हिज’. १८३७ ते १९०१ ब्रिटनच्या गादीवर राणी व्हिक्टोरिया होती, १९५२ ते २०२२ राणी एलिझाबेथ. मधली ५१ वर्षं राजांची. म्हणजे तुमचा चाकू बहुधा त्या काळातला आहे. आणखी नेमकं हवं असेल तर मुकुटाच्या दोन बाजूंना ‘जी’ आणि ‘आर’ ही अक्षरं आहेत का पाहा. असली तर तो १९१० नंतरचा, म्हणजे पाचव्या किंवा सहाव्या जॉर्जच्या वेळचा. ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर तीही खूणच. अमेरिकेने १८९०च्या जकात कायद्यात परदेशी मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, तेव्हापासून शेफील्डच्या मालावर तो सर्रास दिसू लागला.

एक सावधगिरी. रॉजर्सचं नाव इतकं मोठं होतं की त्याच्या नकला भरपूर झाल्या. नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा. मग चाकू बंद करून उजेडासमोर धरा. पाठीची कमान, म्हणजे पातं जागेवर खेचून धरणारी पोलादी पट्टी, आणि मूठ यांच्यामधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. पातं उघडताना कमानीने शेवटी ‘कट्’ असा कोरडा आवाज करत ते जागेवर खेचून घ्यायला हवं. इतक्या वर्षांनंतरही अस्सल शेफील्ड हे करतो.

काळपट रंग आणि लाल गंज या दोन वेगळ्या गोष्टी. साध्या पोलादाच्या पात्यावर कांदा, कैरी, लिंबू कापून कापून जो काळा-निळसर थर बसतो, तो पात्याला सांभाळतो. त्याला हात लावू नका. लाल गंज मात्र पोलाद खात जातो. त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाका, दोन दिवस तसाच राहू द्या आणि पितळेच्या पट्टीच्या कडेने हळूहळू खरवडा. पितळ पोलादापेक्षा मऊ असतं, त्यामुळे ओरखडा पडत नाही. छापाच्या जवळ फक्त तेल आणि कापूस. सांध्यात एक थेंब तेल घाला, पातं २०–२५ वेळा उघडमीट करा आणि बाहेर येणारी काळी घाण पुसत राहा. शिंगाच्या मुठीला पाणी लावू नका. शिंग पाण्याने फुगतं, सुकताना आकसतं आणि खिळ्यापाशी चिरतं.

किंमत मी सांगत नाही. मी चाकू विकत नाही, आणि न पाहता सांगितलेल्या आकड्यावर तुम्ही आजोबांचा चाकू देऊन टाकावा अशी माझी इच्छा नाही.

भावाने फ्रान्सहून ऑपिनेलचा ८ नंबरचा चाकू आणला. मार्च-एप्रिलमध्ये झकास चालला. जून लागला आणि पातं मुठीत असं रुतलं की नखाने उघडेना. जोर केला तर नख तुटायची वेळ. माल खराब आला का?
— एक वाचक, फोंडा

माल उत्तम आहे. त्याला आपला पावसाळा माहीत नाही, इतकंच.

ऑपिनेल हा आल्प्सच्या कुशीतल्या सॅव्हॉय भागातला शेतकऱ्यांचा चाकू. जोसेफ ऑपिनेलने तो १८९० मध्ये बनवला आणि १८९७ मध्ये १ ते १२ असे आकार पाडले. तुमच्या ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. मूठ ‘बीच’ नावाच्या झाडाच्या एकसंध लाकडाची. करवतीने फट पाडायची, पातं बसवायचं, आरपार खिळा, झालं. पातं उघडं राहण्यासाठी फिरवायची कडी आहे, ती १९५५ मध्ये आली. या चाकूला पाठीची कमान नाहीच. पातं बंद राहतं ते लाकडाच्या पकडीवर, आणि आपल्याकडे जूनमध्ये हवा ओली झाली की लाकूड फुगतं, फट आवळते, पातं अडकतं.

आजचा उपाय सॅव्हॉयवाल्यांचाच. चाकू बंद, कडी मोकळी. मुठीचा मागचा, निमुळता टोकाचा भाग टेबलाच्या कडेवर हलकेच ठोका. पात्याचं बूड थोडं बाहेर सरकतं आणि नखाच्या खाचेत बोट घालायला जागा मिळते. फ्रान्समध्ये या ठोक्याला ‘सॅव्हॉयवाल्यांचा ठोका’ असंच नाव आहे, म्हणजे तिथेही पाऊस पडतो.

कायमचा उपाय मात्र एप्रिलमध्ये करायचा, लाकूड खडखडीत कोरडं असताना. १८० नंबरचा पॉलिश पेपर घडी करून फटीत घाला आणि दोन्ही भिंती हलक्या घासा. अगदी थोडंच, कारण जास्त घासलंत तर उन्हाळ्यात पातं सैल पडेल. मग मूठ आणि फट दोन्हींना उकळलेलं जवसाचं तेल द्या. पेंटच्या दुकानात मिळतं. पातळ हात द्या, १५ मिनिटांनी जादा तेल पुसून काढा, दोन दिवस वाळवा. असे चार हात. मी पाच देते, कारण आमच्याकडे समुद्र जवळ आहे.

आणि हे विसरू नका: जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तेल तापतं आणि बोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या पाण्यात भिजवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा. आमच्या पॅकिंग शेडमध्ये एकदा अशा बोळ्यातून धूर यायला लागला होता. शेजारी सुतळी आणि गवताचे भारे होते. वेळेवर दिसला म्हणून शेड वाचली.

खोबरेल लावू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. मुठीला नको, पात्यालाही नको. थंडीत गोठतं आणि सांध्यात चिकट होऊन बसतं. पात्याला औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन लावा. त्याला वास नाही, ते खवट होत नाही आणि त्या पात्याने फळ कापून खाल्लं तरी चालतं.

काकांनी अमेरिकेहून केस कंपनीचा जुना ट्रॅपर चाकू दिलाय. पात्याच्या बुडाशी ‘केस एक्सएक्स यूएसए’, त्याखाली ७ ठिपके आणि ६२५४ हा आकडा आहे. मूठ तपकिरी, खाचाखाचांची. मला ती काढून सांबरशिंगाची बसवायची आहे, एकजण शिंग द्यायला तयार आहे. पात्यावर नावही कोरून घ्यायचंय. कशी सुरुवात करू?
— एक वाचक, नाशिक

सुरुवात चाकू वाचण्यापासून करा, कारण तुमच्या हातात वाचता येणारा चाकू आहे.

केस ही पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची कंपनी. १९७० मध्ये त्यांनी छापाखाली १० ठिपके टाकले आणि पुढे दर वर्षी एक ठिपका कमी केला. १९७१ ला ९, १९७२ ला ८. तुमचे ७, म्हणजे १९७३. आता आकडा. पहिला ६ म्हणजे मूठ खाचा पाडलेल्या हाडाची. पुढचा २ म्हणजे दोन पाती. ५४ हा त्या आकाराचा, ट्रॅपरचा क्रमांक. तुमच्यासमोर एका चाकूची पूर्ण जन्मपत्रिका आहे. त्यातला ६ पुसून तुम्ही दुसरंच काही बसवणार आहात. त्या काळात काही मुठी हाडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्याही यायच्या, म्हणून भिंगातून पाहा. हाडावर सुईच्या टोकाएवढे बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात, प्लॅस्टिकवर दिसत नाहीत.

कोरीवकामही याच्यावर नको. ज्याचा छाप शाबूत आहे, सांधा घट्ट आहे, मूठ फुटलेली नाही, त्या चाकूला मी पुसण्याशिवाय काही करत नाही.

सांबरशिंगाला तर सरळ नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. सांबरशिंग, हस्तिदंत यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, ‘जंगलात गळून पडलेलं सापडलं’ म्हटलं तरी. शेफील्डच्या जुन्या चाकूंवरची खडबडीत शिंगं मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातूनच जात होती. मला ती पाहायला फार आवडतात. पण ती जुन्या चाकूंवरच राहू द्यात.

तुमच्या हाताला मात्र काम हवंय, ते मला पत्रातून कळतं. मग एक साधा ऑपिनेल घ्या आणि त्याची मूठ खोलू नका, नुसती घडवा. मी आतापर्यंत ११ चाकू असे केले. पहिल्यांदा मूठ हातात धरून पेन्सिलीने खुणा करायच्या: करंगळी कुठे येते, तळव्याला कुठे बोचतं. मग कानस, मग ८०, १२०, २२०, ४०० असे पॉलिश पेपर. कडीच्या खालचं लाकूड घासायचं नाही, कडी सैल पडते. पात्याला कागदी चिकटपट्टीचे चार वेढे द्यायचे. एका चाकूचा रंग मी हिरड्याच्या काढ्याने आणि लोखंडी खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून काढलेल्या पाण्याने केला. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह भेटलं की लाकूड आतून काळं होतं, वरून दिलेल्या रंगासारखं निघत नाही. तो चाकू पाहून लोक विचारतात, शिसवाचा आहे का?

हे जमलं की पुढची पायरी: मुठीच्या दोन पट्ट्या नव्या बनवणं. त्यासाठी म्हशीचं शिंग घ्या. उत्तर प्रदेशात संभलजवळच्या सराय तरीनला शिंग आणि हाडाचं मोठं काम चालतं, तिथला माल बाजारात येतो. लाकडात मला खैर आवडतो. जड, गर्द लाल आणि पावसाला न घाबरणारा. फणस दिसायला सुंदर पिवळा, पण पातळ पट्टी केली तर खिळा ठोकताना फाटतो. भोक खिळ्याच्या जाडीपेक्षा केसभर मोठं पाडा, पितळेची तार घाला, दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर बाहेर ठेवा आणि छोट्या हातोडीने हलक्या टकटकीने तिचं डोकं पसरवा. एकच जोराचा घाव घातला की पट्टी गेलीच. जुनी पट्टी काढलीत तर ती आणि तिचे खिळे कागदाच्या पुडीत, तारीख घालून ठेवा. माझ्याकडे अशा पुड्यांचा एक अख्खा डबा आहे.

माझ्याकडे ४० जुने चाकू आहेत. काचेचं झाकण असलेल्या लाकडी पेटीत, आत मखमल, खाली सिलिका जेलच्या पुड्या. तरी गेल्या वर्षभरात एका कोपऱ्यातले पाच-सहा चाकू गंजले, बाकीचे स्वच्छ. त्या कोपऱ्यात मधोमध कासवाच्या पाठीसारख्या पिवळ्या-तपकिरी मुठीचा एक चाकू आहे, त्याच्या पितळेवर हिरवट थर आलाय. पेटी उघडली की कापरासारखा वास येतो.
— एक वाचक, पुणे

काका, तो मधला चाकू आज, आत्ता बाहेर काढा. ओलाव्याचा दोष नाही. तुमच्या पेटीत तो एकटा सगळ्यांना खातोय.

ती मूठ सेल्युलॉइडची आहे. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं ते मिश्रण, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेलं सुरुवातीचं प्लॅस्टिक. कासवाची पाठ, शिंपला, हस्तिदंत, काहीही हुबेहूब दाखवता यायचं, म्हणून चाकूंच्या मुठींना ते पुष्कळ वापरलं गेलं. टेबल टेनिसचे चेंडूही अगदी २०१४ पर्यंत मोठ्या स्पर्धांत सेल्युलॉइडचेच होते. पण हा पदार्थ म्हातारा झाला की विघटन पावू लागतो. त्यातून नायट्रोजन ऑक्साइडचे वायू निघतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं, आणि बंद पेटीत ते आम्ल शेजारच्या पोलादावर जाऊन बसतं. म्हणून तुमचा गंज कोपऱ्यात, त्या चाकूभोवती आहे. कापराचा वास ही पहिली सूचना होती. पुढे वास आंबट, झोंबणारा होतो, मुठीवर चौकोनी भेगा पडतात आणि शेवटी साखरेसारखा चुरा होतो.

काय करायचं: तो चाकू वेगळा, आणि डबाबंद नाही. हवेशीर फडताळात, उन्हापासून दूर, कागदावर ठेवा. हवा खेळती राहिली की वायू साचत नाही आणि विघटन मंदावतं. मुठीला चिरा गेल्या असतील तर तिचे चारही बाजूंनी फोटो काढून ती उतरवा आणि पातं वाचवा. सेल्युलॉइड भयंकर ज्वलनशील असतं. तापवलेली सुई टोचून पारख करायची एक रीत लोक सांगतात, ती करू नका. घासताना यंत्रही वापरू नका, घर्षणाच्या उष्णतेने पेट घेतं.

मग बाकीच्या ३९ मुठी एकेक करून नाकाशी न्या. एखादी आणखी निघेल. मखमल बदला, तिच्यात आम्ल मुरलेलं असेल. गंजलेले चाकू तेलाने पुसून दोन आठवडे पेटीबाहेर ठेवा आणि नवे लाल ठिपके येतात का पाहा. चामड्याच्या म्यानात ठेवलेले काही असतील तर तेही म्यानातून काढा, कमावलेल्या चामड्यातली रसायनंही पोलाद गंजवतात. म्यान शेजारी, चाकू मेणकागदात.

तुमचं पत्र मला सगळ्यात जास्त लागलं. ४० चाकू इतक्या प्रेमाने ठेवलेत आणि नेमकं पेटी चांगली घट्ट बसते म्हणून नुकसान झालं.

मी यंदापासून आंब्याची कोय कलमं बांधायला शिकतोय. घडीचा कलम चाकू घेतला, पण गावात आलेल्या धारवाल्याने मशीनवर दोन्ही बाजूंनी धार काढली. तेव्हापासून काप सपाट येत नाही आणि टोकाकडचा भाग निळा झालाय, तिथे धार टिकत नाही. मावशी, चाकू गेला का?
— एक वाचक, देवगड

गेला नाही, पण तुला महिनाभर घासावं लागेल.

कलमाचा चाकू एका बाजूने सपाट असतो, धार फक्त दुसऱ्या बाजूने काढलेली. त्याला कारण आहे. काडीला पाचरीचा काप घेताना पात्याची सपाट बाजू लाकडाला टेकून सरकते, म्हणून काप एका झटक्यात आरशासारखा येतो. दोन्ही बाजूंनी धार असली की पातं लाकडात शिरतं, मग बाहेर येऊ पाहतं, आणि काप बशीसारखा खोलगट होतो. अशी पाचर खुंटाच्या खाचेत बसवलीस तर मध्ये पोकळी राहते, साल सालीला मिळत नाही, पाणी साचतं आणि काडी काळी पडते. जर्मनीतल्या रॉयटलिंगनचे टीना चाकू कलमवाल्यांत नावाजलेले आहेत ते याच सपाट बाजूच्या घासणीसाठी. डावखुऱ्यांसाठी धार उलट्या बाजूला असते. तू डावखुरा आहेस का ते लिहिलं नाहीस. असलास तर तसाच चाकू माग.

निळा भाग म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. पात्याला कारखान्यात पाणी देऊन कडक केलेलं असतं आणि मग बेताचं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. कोरड्या फिरत्या दगडावर टोकासारखा पातळ भाग क्षणात तापतो. आधी गवताच्या पिवळ्या रंगावर येतो, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. निळ्यापर्यंत गेलेलं पोलाद मऊ झालेलं असतं. रंग पॉलिश पेपरने निघेल, मऊपणा निघणार नाही. बारीक कानस आधी बुडाकडे आणि मग टोकाकडे अलगद फिरवून बघ. टोकाकडे ती जास्त चावेल. जिथून सारखी चावायला लागते तिथपर्यंत नुकसान.

निळेपणा टोकाच्या एक-दोन सेंटिमीटरपुरताच असेल तर त्याची चिंता सोड, आपण कापतो ते पात्याच्या मधल्या भागाने. सपाट बाजू परत आणायची ती अशी: हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा निसणा आण, रात्रभर पाण्यात ठेव. पात्याची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकव, दोन बोटांनी दाब आणि पुढे-मागे घास. आधी मार्करने ती बाजू काळी करून घे. शाई जिथे राहील तिथे दगड लागत नाहीये. सगळी शाई एकसारखी जाईपर्यंत घासायचं, रोज २० मिनिटं. मग दुसऱ्या बाजूने तिरपी धार काढ. सपाट बाजूवरून अंगठा आडवा, धारेपासून लांब फिरवलास की बारीक खरखरीत किनार लागेल. ती लागली म्हणजे धार आली. सपाट बाजू पुन्हा एकदा दगडावर टेकवून ती किनार काढ आणि जुन्या चामडी पट्ट्यावर १०–१२ वेळा ओढ. मनगटावरचे केस न ओढता निघाले की चाकू तयार.

वडील रोज सकाळी पहिल्या काडीआधी पट्ट्यावर चाकू ओढायचे. दगड त्यांना महिन्यातून एकदा लागायचा. धारवाल्याकडे त्यांनी कोयते दिले, विळ्या दिल्या, हा चाकू कधी नाही.

घडीचा चाकू जवळ बाळगणं बेकायदा आहे का?
— पुण्या-मुंबईच्या पाच वाचकांचा एकच प्रश्न

शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती आणि शेतीच्या कामाचे वगळून. रामपूरच्या प्रसिद्ध चाकूंचा धंदा बसला त्यात पात्याच्या लांबीवर आलेल्या सरकारी बंधनांचा मोठा वाटा आहे. त्या गावाने २०२३ मध्ये चौकात सुमारे २० फुटांचा चाकू उभारून त्याची आठवण ठेवली. आपले साडेआठ सेंटिमीटरचे चाकू या मापाच्या पुष्कळ आत आहेत. पण सण, मोर्चे, निवडणुका यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७व्या कलमाखाली मनाईचे आदेश निघतात, त्यात चाकूही असतात. तेव्हा घरी ठेवा. विमानात हातातल्या सामानात मुळीच नाही, आणि मेट्रोच्या तपासणीलाही नको. बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंच्या वाटेला जाऊ नका. शेतावर, बागेत, डब्यासोबत, एवढी जागा चाकूला पुरते.

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. तुमचा लेख वाचून जपानी हिगोनोकामी चाकू हवा म्हणून हट्ट धरलाय. सासूबाई नको म्हणतात. मला स्वतःला द्यावासा वाटतो, पण भीतीही वाटते.
— एक वाचक, डोंबिवली

हिगोनोकामी मी लेखात आवडीने वर्णन केला होता, म्हणून थोडी जबाबदारी माझी. तो जपानच्या ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा. पितळेचा पत्रा दुमडून केलेली मूठ आणि पात्याच्या बुडाला छोटी शेपटी, बस. जपानी शाळकरी मुलं त्याने पेन्सिली तासायची. १९६० मध्ये समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांचा १७ वर्षांच्या मुलाने टोकियोत भर सभेत आखूड तलवारीने खून केला, आणि त्यानंतर मुलांच्या हातातून चाकूच काढून घेण्याची चळवळ देशभर झाली. हिगोनोकामीचा त्यात काही संबंध नव्हता, पण एकामागून एक कारखाने बंद पडले. आज ते नाव कायदेशीरपणे लावणारं एकच घराणं उरलंय.

तरीही पहिला चाकू तो नको. त्याला अडकण नाही, पातं उघडं राहतं ते शेपटीवर अंगठा दाबून ठेवल्यामुळे. अंगठा सुटला की पातं बोटांवर येतं. ऑपिनेलचा गोल टोकाचा ७ नंबर मुलांसाठीच केलेला आहे, फिरवायच्या कडीसकट. तो द्या. आणि धार चांगली लावून द्या. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावताना हात सटकतो.

पहिले आठ दिवस चाकू तुमच्याकडे ठेवा आणि तुम्ही दोघं बसून रोज फक्त उघडायचा, कडी फिरवायची, कडी सोडायची, बंद करायचा. बंद करताना बोटं फटीवर नकोत, मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत. मग पेन्सिल. बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून, पातं अंगापासून लांब जाईल असं. हाताच्या टप्प्यात दुसरं कोणी नको. कोणाला चाकू द्यायचा तर बंद करूनच. बोट कापलंच तर स्वच्छ फडक्याने पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं, हे त्याला आधीच शिकवा म्हणजे तो घाबरणार नाही.

सासूबाईंनाही त्या वेळी शेजारी बसवा. त्यांनी विळीवर नारळ खवताना बोटं कशी सांभाळली, ते त्याला त्यांच्याकडून ऐकायला मिळू दे. आणि पहिली पेन्सिल तासून झाली की त्याला त्याच पेन्सिलीने मला दोन ओळी लिहून पाठवायला सांगा.